माजघरात टेबल नंबर सात

पहिल्या डिझायनरने पाठवलेल्या पीडीएफमध्ये ३४ पानं होती आणि त्यातल्या ११ पानांवर कंदील होते. मी मोजले. कंदिलांखालोखाल नंबर पितळी हंड्यांचा, मग नऊवारी नेसून पाठमोऱ्या उभ्या असलेल्या बाईचा. एका पानावर बैलगाडीचं चाक भिंतीत अर्धं चिणलेलं होतं. दिंडी दरवाजाच्या आत स्वागताला फेटेवाला पुतळा, हात जोडून. आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात रेस्टॉरंटचं ठरवलेलं नाव, 'आजीचं माजघर'.

हे सगळं वाईतल्या आमच्या वाड्यात होणार होतं. नदीपासून दोन गल्ल्या आत, १९०८ साली पणजोबांनी बांधलेला, दोन मजली, एकाच चौकाचा वाडा. मेणवलीच्या नाना फडणवीस वाड्यासारखा बघायला जायचा वगैरे नाही, कुठल्या वारसा यादीतही नाही. गेली सहा वर्षं तिथे एकटी आत्या राहते, मागच्या दोन खोल्यांत. हिस्से चार : बाबा, काका, आत्या आणि वारलेल्या मोठ्या काकांची मुलगी. दर मे महिन्यात कौलं चाळायची, दर जुलैत गळती कुठे सरकली ते बघायचं आणि दर दिवाळीत एकत्र बसून 'आता काहीतरी ठरवलं पाहिजे' असं म्हणायचं, हा आमचा कार्यक्रम. ठरवायला पर्याय दोनच उरले होते. एक बिल्डरचा : वाडा पाडून चार मजले, खाली पार्किंग, प्रत्येकाला एक फ्लॅट. दुसरा एका हॉटेलवाल्यांचा : पंधरा वर्षांचा करार, दुरुस्तीचा खर्च ते करणार आणि तो भाड्यातून वळता होणार. पाचगणी-महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या वाईत थांबतात, 'स्वदेस' इथे शूट झाल्यापासून मेणवलीचा घाट बघायलाही लोक येतात, त्यामुळे त्यांचा हिशेब अगदीच हवेतला नव्हता.

मी यात ओढली गेले ती 'कॉम्प्युटरवालीला पीडीएफ कळेल' म्हणून. दिवसभर हिंजवडीत दुसऱ्यांनी दहा वर्षांपूर्वी लिहिलेला कोड न मोडता त्यात नवीन काहीतरी घुसवायचं, हे माझं काम. त्यामुळे कदाचित खरंच कळेल असं मलाही वाटलं.

पुण्याहून कुठल्याही दिशेला गाडी काढली की असे 'वाडे' दिसतात. आरसीसीचा सांगाडा, त्यावर तपकिरी टेक्स्चरचा रंग, फायबरच्या कमानी, प्लायवर चिकटवलेली खांबांची नक्षी, आत पैठणीच्या काठाचे टेबलमॅट. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. नव्या इमारतीला जुनं नाटक करायचं असेल तर करू दे, पिठलं चांगलं असलं की झालं. गंमत अशी की आमच्या पीडीएफमध्येही खऱ्या सागवानी खांबांवर प्लायची नक्षी चिकटवायची होती, कारण आमचे सुरूदार खांब साधे आहेत. पेशवाई वाटत नाहीत. म्हणजे खरा वाडा नकली वाड्यासारखा दिसत नव्हता, तो तसा दिसावा यासाठी खर्च करायचा होता.

पीडीएफ मी आत्याला दाखवला. आत्या ७१ वर्षांची, शाळेत गणित शिकवायची. दोन बोटांनी एकेक पान मोठं करून बघत होती. माजघराच्या पानावर थांबली. छतापासून पितळी भांडी, घंटा, कंदील, सुपं, सगळं टांगलेलं.

"आमच्या माजघरात टांगायला होतं काय?" ती म्हणाली. "पावसाळ्यात दोरीवर ओली लुगडी."

पुढचं पान माजघरालगतच्या बिनखिडकीच्या खोलीचं. तिथे मंद दिवे, गुलाबी उशा, 'कपल डायनिंग'. आत्याने फोन माझ्या हातात परत दिला.

"ही बाळंतिणीची खोली. आईची सहा बाळंतपणं इथे झाली. आम्ही चौघं राहिलो."

मला ही खोली अडगळीची म्हणूनच माहीत होती. एक झरोका, शेगडीच्या धुराने काळी पडलेली भिंत, बाहेरून लावायची कडी. आत्याला रेस्टॉरंट नको होतं असं नाही. चौघांत सगळ्यात जास्त तिलाच हवं होतं. रात्री वाड्यात माणसांचे आवाज येतील, म्हणून. तिची अट एकच होती. लोक येऊन जेवू देत, पण आमच्या घराचं नाटक आमच्याच घरात नको.

आता यावर कुणी म्हणेल, मग जसंच्या तसं ठेवा. पण 'जसंच्या तसं' म्हणजे कुठल्या सालातलं? वाडा कधीच एका जागी थांबलेला नव्हता. छपरावरची मंगलोरी कौलं आज आपल्याला 'ट्रॅडिशनल' वाटतात. ती कारखान्यातली वस्तू आहे. बासेल मिशनने मंगळुरात १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि ती गावोगावची हाताने थापलेली कौलं हटवत सगळ्या किनाऱ्याभर आणि घाटावर पसरली. पणजोबांनी ती घातली तेव्हा शेजारचे 'काय हे नवीन फॅड' म्हणाले असणार. आजोबांनी सोप्यात रंगीत सिमेंटच्या फरश्या बसवल्या. पुढे ट्यूबलाइट आली, माळ्याच्या जिन्याला लोखंडी कठडा आला.

मुंबईच्या इराणी हॉटेलांचंही तेच. ती लाकडी वाकवलेल्या पाठीची खुर्ची, जिच्यावर बसून आपण बनमस्का-चहाचे फोटो टाकतो, तिचं मूळ व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेटच्या १८५९ च्या १४ नंबरच्या खुर्चीत आहे. वाफेवर मऊ करून वाकवलेल्या लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावायच्या, बोटीने जगभर जायच्या. थोडक्यात, आजची ऑनलाइन मागवून स्वतः जोडायची खुर्ची. किआनी १९०४ सालचं, ब्रिटानिया १९२३ सालचं. ज्यांनी ही हॉटेलं काढली त्यांनी संगमरवरी टेबलं, भिंतीवर आरसे आणि या खुर्च्या 'वारसा' म्हणून मांडल्या नव्हत्या. त्यांच्या काळात चालणारं, टिकणारं, पुसायला सोपं असं जे बाजारात होतं ते घेतलं. म्हणून ती हॉटेलं खोटी वाटत नाहीत.

दुसरी आर्किटेक्ट पुण्याची, माझ्यापेक्षा चारेक वर्षांनी मोठी. तिने पहिल्या भेटीत काही दाखवलंच नाही. दोन दिवस वाड्यात टेप आणि टॉर्च घेऊन फिरली. एक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन प्रत्येक खांबाच्या तळाला, तळखड्यापाशी, टोचून बघितलं. दोन खांब खालून पोकळ निघाले. तिसऱ्या आठवड्यात तिचं ड्रॉइंग आलं आणि काका म्हणाले, "हे काय, ऑफिस केलंय?"

ड्रॉइंगमध्ये जुनं दिसणारं नवं असं काहीच नव्हतं. बारीक काळ्या लोखंडाच्या चौकटी, साधी टेबलं, वेताच्या खुर्च्या, प्रत्येक टेबलावर एकच दिवा. वाडा होता तसा आणि त्याच्या आत, त्याला न टेकता, एक वेगळं सामान. तिने सांगितलं की याला आधार आहे : १९६४ च्या व्हेनिस सनदेत असं आहे की जुन्या इमारतीत काही नव्याने घालणं अटळच असेल, तर ते मूळ रचनेपासून वेगळं ओळखू आलं पाहिजे, त्यावर आपल्या काळाची खूण हवी. ती सनद स्मारकांसाठी, आपला वाडा काही स्मारक नाही, हेही तीच म्हणाली. पण नियम कामाचा आहे. शंभर वर्षांनी कुणी बघितलं तर त्याला कळायला हवं, हे १९०८ चं आणि हे नंतरचं.

दुसरा नियम तिचा स्वतःचा होता आणि मला तो पहिल्या ऐकण्यातच पटला : सागाला एकही नवा खिळा नाही. दिवे, वायरी, सगळं खांबांभोवती आवळलेल्या पट्ट्यांवर किंवा स्वतःच्या पायांवर उभं. उद्या हॉटेल बंद पडलं तर चार दिवसांत सगळं सुटून टेम्पोत जाईल. आमच्याकडे कुठलाही बदल लाइव्ह करायच्या आधी 'रोलबॅक कसा करणार' हे लिहून द्यावं लागतं. घरं दुरुस्त करणाऱ्यांना ते कुणी विचारत नाही.

खरी लढाई मात्र दिसण्यावर झालीच नाही. ती भिंतींवर झाली.

आमच्या भिंती विटा आणि पांढऱ्या मातीच्या, वर चुन्याचा गिलावा. १९८५ च्या सुमारास खालच्या तीन-चार फुटांना ओल दिसायला लागली म्हणून तेवढ्या भागाला सिमेंटचं प्लास्टर मारलं. त्या वेळी सगळे तेच करत होते. जमिनीतलं पाणी भिंतीत वर चढतंच. चुन्याचा गिलावा ते पाणी वाफ होऊन बाहेर जाऊ देतो. सिमेंट तेवढं जाऊ देत नाही. मग पाणी सिमेंटच्या मागून आणखी वर चढतं आणि सिमेंट संपतं तिथे बाहेर पडतं, सोबत क्षार घेऊन. आमच्या माजघरात बरोबर कंबरेच्या वर पांढऱ्या पिठासारखा लोणा यायचा, हात लावला की माती भुरभुरायची. आम्ही लहानपणी त्यावर बोटाने नावं काढायचो. पहिल्या पीडीएफमध्ये यावर उपाय होता : सगळ्या भिंतीला दगडी टाइल. ओल दिसणार नाही. भिंत मात्र आतून कुजत राहील.

आर्किटेक्टने सिमेंट खरवडायला लावलं. ते निघाल्यावर भिंत दोन महिने नुसती उघडी ठेवायची, वाळू द्यायची. मग चुना. चुन्याची गोष्ट मला फार आवडते, म्हणून सांगतेच. चुनखडी साधारण ९०० अंशांना भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. उरतो तो कळीचा चुना. त्यात पाणी घातलं की तो फसफसतो, उकळतो, मग लोण्यासारखा मऊ होतो. तो भिंतीला लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत ओढून घेतो आणि पुन्हा दगड होतो. म्हणजे भिंतीवर चढवलेला दगड, मधल्या काळात मऊ केलेला. काम करायला आलेल्या मिस्त्रींनी त्यात गुळाचं पाणी आणि हिरडा घातला. आत्या म्हणाली, तिच्या लहानपणी घाणीत बैल फिरवून चुना मळलेला तिला आठवतोय. आता मिक्सर आहे.

या सगळ्याला वेळ लागतो आणि वेळेचं भाडं हॉटेलवाल्यांच्या खिशातून जातं. त्यांचं दुकान बंद, कर्जाचे हप्ते चालू. "मॅडम, गिऱ्हाईक भिंत खायला येत नाही," ते एकदा वैतागून म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं. शेवटी तडजोड झाली. माजघर आणि सोपा पूर्ण चुन्यात, मागच्या कोठारांची पाळी दुसऱ्या वर्षी.

स्वयंपाकघराचा प्रश्न वेगळा. चूल होती तिथेच किचन, ही कल्पना ऐकायला गोड. पण घरची चूल आणि दीडशे ताटांची भट्टी यांत फरक आहे. तेलाची वाफ कडीपाटात मुरते, पाणी दिवसभर जमिनीत जातं आणि आग. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर मुंबईत कमला मिल्सच्या आवारात गच्चीवरच्या हॉटेलाला लागलेल्या आगीत १४ जण गेले. इथे तर शंभर वर्षं वाळलेला साग. म्हणून किचन परसात, नव्या लोखंडी सांगाड्यात, वाड्यापासून सुटं. मधे काचेची दहा फुटांची गल्ली. परसात पूर्वी संडास आणि गोठा होता. दोन्ही जागांवर आता डिशवॉशर आणि ग्राहकांचे टॉयलेट आहेत, म्हणजे निम्मी परंपरा तरी पाळली.

वरचा मजला बघून हॉटेलवाल्यांचे डोळे चमकले होते, तिथे आणखी चाळीस खुर्च्या बसतात. तो नाद आकड्यांनी सोडवला. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात घरातल्या खोलीसाठी चौरस मीटरला साधारण २०० किलोचा भार धरायला सांगितलाय, रेस्टॉरंटसाठी ४००. आमच्या तुळया आत्याचं कपाट आणि पाहुणे सांभाळत आल्यात, शनिवारच्या रात्रीची गर्दी नाही. वर आता त्यांचं ऑफिस आणि आत्याच्या दोन खोल्या. ती मागून पुढच्या बाजूला आली, रस्ता दिसतो म्हणून खूश आहे.

चौकावर पारदर्शक पत्रा टाकून एसी लावायचा आग्रह सगळ्यांत शेवटी सुटला. चौक हाच वाड्याचा पंखा. तापलेली हवा तिथून वर जाते आणि सोप्यातून गार हवा आत ओढली जाते. त्याला झाकण लावलं की दुपारी कुकर. पावसात चौकातल्या चार टेबलांचा धंदा बुडेल, ते मान्य करावं लागलं. रीलसाठी एखादा कोपरा तरी द्या, असं हॉटेलवाले म्हणाले तेव्हा आर्किटेक्टने त्यांना दुपारी चार वाजता चौकात उभं केलं. ऊन तिरपं होऊन माजघराच्या उंबऱ्यापर्यंत येतं. त्यांनी स्वतःच फोन काढला.

आणि मग तो कोनाडा.

दिंडी दरवाजातून आत आलं की देवडीत उजव्या हाताला, कमरेइतक्या उंचीवर एक कोनाडा आहे. पीडीएफमध्ये तिथे पितळी समई होती. नव्या ड्रॉइंगमध्ये मोकळा सोडला होता. साइटवर सगळे जमलो असताना काकांनी विचारलं, इथे गणपती ठेवू या का. आत्या म्हणाली, इथे कप असायचे.

कान तुटलेले दोन कप आणि एक जर्मनचा पेला. लाकूडफाटा टाकायला येणाऱ्यांसाठी, परसातून संडास साफ करायला येणाऱ्यांसाठी. त्यांनी आपले घ्यायचे, चहा वरून ओतायचा, पिऊन झालं की विसळून परत तिथेच पालथे घालायचे. आत्याला सात-आठ वर्षांची असताना शिकवलं होतं, वरून कसं ओतायचं, थेंब उडू न देता. "मला छान जमायचं," ती म्हणाली. बाकी काही म्हणाली नाही.

हॉटेलवाले इतका वेळ प्लंबरशी बोलत होते. ते थांबले. म्हणाले, "आमच्या आजोबांचा पेला होता असा. इथे नाही, वाईतच दुसऱ्या एका वाड्यात." मग त्यांनी प्लंबरला पाइपचं माप पुन्हा विचारलं.

संध्याकाळी काकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तो कोनाडा बुजवून टाकलेला बरा, उगाच कुणी काही विचारायला नको. बाबा म्हणाले, हॉटेलवाल्यांनाच विचारू. त्यांचं उत्तर दोन दिवसांनी आलं : बुजवायचा नाही आणि त्यात काही ठेवायचंही नाही. फुलदाणी नाही, मेन्यू कार्डांचा गठ्ठा नाही. आत चुन्याचा हात मारायचा, बस्स. गिऱ्हाइकाने विचारलं तर काय सांगणार, असं काकांनी फोनवर विचारलं. "जे होतं ते सांगू," ते म्हणाले. काका अजून पूर्ण राजी नाहीत, पण करारावर सही त्यांनी केली आहे.

नाव बदललं. 'आजीचं माजघर' गेलं, आता फक्त घर नंबर आणि गल्लीचं नाव. बसण्याच्या नकाशात माजघरातलं टेबल नंबर सात बरोबर त्या जागी येतं, जिथे आजी आणि घरातल्या बाकी बायका पुरुषांची पंगत उठल्यावर जेवायला बसायच्या, स्वयंपाकघराच्या दाराशी, कुणी काही मागितलं तर उठायला सोपं म्हणून. हॉटेलवाल्यांनी आत्याला सांगितलं, ते टेबल कायम तुमचं, राखून ठेवतो. आत्याने नकाशा बघितला आणि टेबल नंबर एकवर बोट ठेवलं. ते सोप्यात आहे, रस्त्याकडच्या खिडकीशी. आजोबांची बैठक तिथे असायची. लहानपणी ती तिथे फक्त पाणी द्यायला जायची.

बाळंतिणीच्या खोलीत टेबल नाही. तिथे इलेक्ट्रिकल पॅनल आणि आग विझवायची नळकांडी ठेवायचं ठरलंय. दार उघडं राहणार, बाहेरची कडी काढून टाकली.

माजघराच्या भिंतीला चुन्याचा शेवटचा हात गेल्या आठवड्यात दिला. यंदा पाऊस लांबला, हवेत दमट आहे. हॉटेलवाले रोज सकाळी आत्याला फोन करून विचारतात, वाळली का. ती खाली जाते, भिंतीला तळहात लावते, गार आहे म्हणून सांगते आणि वर येऊन चहा टाकते. उद्घाटन दिवाळीच्या पुढे गेलं आहे. तारीख अजून ठरलेली नाही.